थांबण्याची मजुरी

वसई-विरारमध्ये घराची जमीन बदलायची तर आधी महिना बघावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. जानेवारीतल्या कोरड्या दुपारी ती ५० च्या आसपास उतरते. व्हिट्रिफाइड टाइलला त्याचं काही वाटत नाही. बांबूला वाटतं. जातीने तो गवत. त्याच्या पट्ट्या काढल्या, उकळल्या, वाळवल्या, गोंद लावून गरम दाबयंत्रात एकजीव केल्या, तरी हवेतलं पाणी ओढून घ्यायची आणि परत सोडायची त्याची सवय सुटत नाही. पावसाळ्यात फळी रुंदीत वाढते, हिवाळ्यात आक्रसते. एका फळीतली ही वाढ-घट नजरेला कळतही नाही. पण पाच इंची फळ्या बारा फुटांच्या खोलीत लावल्या की जवळपास तीस रांगा होतात, आणि प्रत्येक रांगेची थोडी थोडी वाढ साठत साठत भिंतीपर्यंत पोचते. तिथे जागा ठेवलेली नसेल तर जमीन मधोमध उचलली जाते.

विरार पश्चिमेला, बोळिंजमध्ये राहणाऱ्या एका जोडप्याने दिवाळीनंतर आपल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बांबूची जमीन केली. झोपायची खोली दोघांनी स्वतःच्या हातांनी केली आणि हॉल मिस्त्रीकडून करून घेतला. एकाच घरात, एकाच मालाचं, दोन्ही रीतींनी झालेलं काम असं शेजारी-शेजारी क्वचितच बघायला मिळतं, म्हणून त्यांची हकिगत सविस्तर सांगण्याजोगी आहे.

ती शाळेत विज्ञान शिकवते. तो वालीवच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये साचे बनवतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब हे त्याचं रोजचं काम. बांबूचा आग्रह तिचा. वसई तालुक्यातच भालिवलीला ‘विवेक रूरल डेव्हलपमेंट सेंटर’ आहे, तिथे आदिवासी बायका बांबूच्या राख्या आणि आकाशकंदील बनवतात. शाळेच्या मुलांना घेऊन ती तिथे जाऊन आली होती. जव्हार-मोखाड्याकडची सुपं आणि टोपल्या तर लहानपणापासून पाहिलेल्या. त्यात मे २०२३ मध्ये नव्या संसद भवनाचं उद्घाटन झालं, तेव्हा तिथली बांबूची जमीन त्रिपुरातून आल्याचं तिच्या वाचनात आलं. साग तोडणीला यायला दशकं जातात. बांबूची काठी तीन ते पाच वर्षांत पक्व होते आणि तोडल्यावरही बेट फुटत राहतं, हे ती वर्गात शिकवत आली होती. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने बांबूला झाडात मोजलं होतं; २०१७ च्या दुरुस्तीने त्याला त्या व्याख्येतून काढलं आणि शेताच्या बांधावरचा बांबू तोडून विकणं सोपं झालं. जे शिकवतो ते घरात का असू नये, एवढा साधा विचार त्यामागे होता.

मात्र सुपाचा बांबू आणि जमिनीचा बांबू यांत फार अंतर आहे. सूप विणणाऱ्याच्या हाताला काठीचं वय कळतं, तिची ओल कळते, कोणत्या काठीला भुंगा लागेल तेही कळतं. बांबूतल्या पिठूळ अंशावर भुंगा येतो, म्हणूनच कारखान्यात पट्ट्या उकळतात आणि त्यांना बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी देतात. जमिनीची फळी कारखान्यातून येते, आणि ती बसवणारा मिस्त्री बहुतेक वेळा लॅमिनेटवर हात बसलेला असतो. लॅमिनेट कसं बसवायचं ते त्याला पक्कं ठाऊक असतं, पण बांबूशी त्याची ओळख नसते. आपल्या भागात बांबू ओळखणारी माणसं वेगळी आणि जमीन बसवणारी वेगळी आहेत. या दोघांमधली जागा कोणी भरायची, हा खरा पेच आहे, आणि तो घरमालकाच्या दारात येऊन थांबतो.

माल निवडतानाच तिला याची चुणूक मिळाली. तिला कॉफीच्या रंगाची फळी हवी होती. तो रंग वरून दिलेला नसतो. वाफेच्या उष्णतेने बांबूतली साखर करपून तो येतो, आणि त्या क्रियेत फळी थोडी मऊ पडते. शेवटी त्यांनी फिकट रंगाची, तंतू दाबून केलेली फळी घेतली. बाजारात तिला ‘स्ट्रँड वोव्हन’ म्हणतात. साध्या, पट्ट्या जोडून केलेल्या फळीपेक्षा ती कितीतरी कठीण असते, सागाच्या दुपटीहूनही अधिक. रात्रभर बंद राहणारी झोपायची खोली आहे म्हणून तिने गोंदातून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइडचा दर्जाही खोक्यावर शोधला. ई-वन किंवा ई-झिरो असं छापलेलं असतं. दुकानदाराला हे विचारणारं गिऱ्हाईक नवीन होतं, पण त्याने खोकं फिरवून दाखवलं.

मग मिस्त्री येऊन बघून जाऊ लागले. बहुतेकांनी फीत लावली, लांबी-रुंदी लिहून घेतली, चौरस फुटाचा भाव सांगितला आणि खोलीला एक दिवस पुरेल असं सांगितलं. खालच्या लादीत ओल आहे का, हे कोणी विचारलं नाही. खोकी आल्यावर किती दिवस ठेवायची, हेही नाही.

यात त्यांची अप्रामाणिकता नाही, हे स्पष्ट म्हणायला हवं. चौरस फुटावर पैसे मिळणारा माणूस जितकं झाकेल तितकं कमावतो. ओल तपासायला जमिनीवर प्लॅस्टिक चिकटवून दुसऱ्या दिवशी ते उघडून बघायला नालासोपाऱ्याहून बोळिंजपर्यंत परत यायचं, फळ्या खोलीच्या हवेत रुळेपर्यंत आठवडा मोकळा ठेवायचा, याचा भाव कोणत्याच अंदाजपत्रकात नसतो. थांबण्याची मजुरी कोणी देत नाही. गिऱ्हाईक मागत नाही आणि मिस्त्री सांगत नाही, कारण सांगितलं तर काम शेजारच्याला जाईल. बांबूच्या जमिनीचं नशीब तर याच थांबण्यात ठरतं. घरमालकाकडे करवतीचा हात नसेल, पण त्याच्याकडे दिवस असतात, आणि तो रात्री त्याच खोलीत झोपतो. स्वतः करायचं की करवून घ्यायचं, या वादात ही गोष्ट फारशी कोणी मोजत नाही.

तिने ती मोजली. ओल तपासायचा प्रयोग शाळेतल्या मुलांना करायला द्यावा इतका सोपा आहे: दीड फूट चौरस पारदर्शक प्लॅस्टिक जमिनीवर अंथरायचं, चारी कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करायच्या आणि किमान सोळा तास हात लावायचा नाही. उघडताना आतून थेंब दिसले किंवा खालचा भाग काळपट झाला, तर खालून ओल येते आहे. लादी असेल तर प्लॅस्टिक सांध्यांवर येईल असं लावायचं, कारण ओल टाइलमधून येत नाही, सांध्यातून वर येते. झोपायच्या खोलीत सगळीकडे कोरडं निघालं. हॉलमध्ये बाल्कनीच्या दारापाशी मात्र प्लॅस्टिकच्या आतून दव धरलं होतं. चौथ्या मजल्यावर ओल येते कुठून? बाल्कनीच्या उंबऱ्याच्या पट्टीखालचा सांधा मोकळा झाला होता आणि झाडांना घातलेलं पाणी तिथून आत मुरत होतं. वर फळ्या पडल्या असत्या तर पुढची काही वर्षं हे कोणाला कळलंच नसतं.

तेव्हाच ठरलं, झोपायची खोली आपण करू. हॉलला जाणता माणूस बघू.

खोकी खोलीत आडवी, जमिनीपासून थोडी उचलून, तोंडं उघडून ठेवली. कंपनीच्या कागदावर किमान बहात्तर तास लिहिलं होतं. समुद्रकाठच्या हवेत त्याहून जास्त दिवस द्यायचं तिने ठरवलं, आणि रोज रात्री एसी लावायचा तसाच लावला, कारण फळ्यांना ज्या हवेत राहायचं आहे त्याच हवेत रुळायला हवं. घरातली माणसं खोक्यांना वळसा घालून ये-जा करत राहिली. आगाशीहून आलेल्या सासूबाईंना त्यात काहीच नवल वाटलं नाही. त्यांच्या माहेरी दिवाळीआधी घराची जमीन दरवर्षी नव्याने करत. उकरलेली माती भिजवायची, चोपण्याने चोपून चोपून बसवायची, मग शेणाने सारवायचं. आणि वाळेपर्यंत त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. पोरांची जेवणं ओटीवर. ‘‘घाई केली की भेगा पडतात, मग वर्षभर बघत बसायचं,’’ त्या म्हणाल्या. वरचा माळा मात्र सुताराचा. फळ्या रंधून, खाचा मारून तक्तपोशी करायला बाहेरचा कारागीर यायचा. वसईच्या जुन्या कौलारू घरांत खालची जमीन घरच्या बायकांची आणि वरची सुताराची, अशी वाटणी होती. बोळिंजच्या फ्लॅटमध्ये सुताराची जमीन खाली आली आहे, आणि सारवणाऱ्या बाईचं शहाणपण तिच्याखाली लागणार आहे.

काम सुरू झालं ते शनिवारी. नवऱ्याने आधी वहीत गणित मांडलं. खोलीच्या रुंदीतून दोन्ही बाजूंची मोकळी जागा वजा केली, फळीच्या रुंदीने भागलं आणि शेवटची रांग किती उरते ते पाहिलं. ती दोन बोटांहून बारीक निघाली असती तर पहिली रांगच उभी कापून दोन्हीकडे सारखी करायची. बारीक पट्टी खाचेत धरत नाही. मग गुण्या लावला. आपल्या इमारतींच्या भिंती काटकोनात असतात हा समज त्या दिवशी गेला. एका टोकाला खोली दुसऱ्यापेक्षा बोटभर रुंद होती. पहिली रांग भिंतीला धरून न लावता सुतळीच्या ओळीला धरून लावली आणि भिंतीचा वाकडेपणा कडेच्या फटीत मुरवला.

खाली प्लॅस्टिकचा कागद, त्याचे जोड वीतभर एकमेकांवर घेतलेले, त्यावर फोमचा पातळ थर, आणि त्यावर नुसत्या एकमेकींत अडकवलेल्या फळ्या. त्या खालच्या लादीला चिकटवलेल्या नसतात. सगळी जमीन सुटी असते, म्हणूनच तिला चारी भिंतींपाशी दहा-बारा मिलिमीटर मोकळीक लागते. नवऱ्याने त्या मापाच्या लाकडी पाचरी कापून ठेवल्या होत्या. टूलरूमच्या सवयीला हे जड गेलं. तिथे दोन भागांत फट राहिली तर माल नापास होतो. इथे फट नसेल तर जमीन नापास.

फळी कापताना दोघांनाही बांबूची खरी जात कळली. बांबूच्या अंगात सिलिका असते आणि दाबलेली फळी दगडासारखी कठीण; साधं पातं थोड्या कापांतच बोथट होऊन जळका वास येऊ लागला. बारीक आणि जास्त दातांचं कार्बाइडचं पातं आणल्यावर कड स्वच्छ निघाली. सोसायटीत दुपारच्या ठरावीक वेळात मशीन बंद ठेवायचं असतं, म्हणून कापण्याची कामं सकाळी उरकून दुपारी नुसत्या अडकवण्याचं काम. गुडघे दुखले. शेवटची रांग, कपाटाचा कोपरा आणि दार यांनी मधल्या सगळ्या खोलीइतका वेळ घेतला. चौदा मिलिमीटरची फळी आणि फोम मिळून जमीन वर आली, त्यामुळे दार उतरवून खालून छाटावं लागलं. आणि चौकटीचे पाय फळी आडवी धरून तेवढ्या उंचीवर कापले, म्हणजे फळी चौकटीभोवती कोरण्याऐवजी तिच्याखाली सरकते. हे ज्याने आधी पाहिलेलं नाही तो फळीला चौकटीचा आकार कोरत बसतो आणि तिथली फट आयुष्यभर दिसत राहते.

हॉलसाठी त्यांनी ज्याला निवडलं त्याने घरात आल्यावर चपला काढल्या आणि फीत काढायच्या आधी अनवाणी सगळीकडे फिरला. मग हातोडीच्या दांड्याने लाद्या ठोकत गेला. सोफ्याखालच्या चार-पाच लाद्या पोकळ वाजल्या. ‘‘ताई, या काढाव्या लागतील. वर फळी टाकली तर पाय पडला की कुरकुरणार,’’ तो म्हणाला. त्याचं कुटुंब मूळचं राजस्थानातलं, सुतारकामातलं. तो स्वतः नालासोपाऱ्यात वाढलेला, मराठी अस्सल इथली. दाराशी धरलेलं दव तिने दाखवलं, तेव्हा त्याने आधी उंबऱ्याचा सांधा भरून घ्यायला सांगितलं आणि आपण पुन्हा तपासल्यावरच येऊ म्हणाला. त्यासाठी त्याने वेगळे पैसे मागितले नाहीत. तिने मात्र दिले, आणि ते द्यायलाच हवे होते.

पाणसळ ठेवली तर बुडबुडा मधे येईना. नवऱ्याला वाटलं, सगळा हॉल सपाटीला आणावा लागेल. मिस्त्रीने मान हलवली. आपल्याकडे लाद्या बसवताना धुतल्याचं पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम ढाळ देतात. ढाळ बांबूला चालतो; खळगा चालत नाही. दोन मीटरची सरळ पट्टी टाकून तिच्याखाली तीन मिलिमीटरहून जास्त उजेड दिसला तरच तेवढा भाग भरायचा. त्याने अशा दोनच जागा शोधल्या, सपाटीकरणाचा मसाला ओतला, एक उंचवटा घासून काढला आणि बाकी हॉलला हात लावला नाही. हा निर्णय पुस्तकात सापडतो, पण हॉल बघताक्षणी घ्यायला हाताखालून पुष्कळ हॉल जावे लागतात. घरच्या माणसाने एकतर सगळं उकरलं असतं, नाहीतर काहीच केलं नसतं.

झोपायची खोली आणि हॉल यांच्या फळ्या सलग न्याव्यात अशी तिची इच्छा होती. दिसायला सुंदर दिसतं. मिस्त्री तयार नव्हता. खोलीत रात्रभर एसी, हवा कोरडी. हॉलच्या खिडक्या उघड्या, हवा दमट. एकाच घरात दोन ऋतू. दोन्हीकडची जमीन वेगवेगळ्या वेळी वाढणार, म्हणून दारात पट्टी घालून फळ्या तोडायच्याच. ही गोष्ट तिला एकदम पटली आणि नंतर तिने ती वर्गातही सांगितली. हॉलचं काम त्याने आणि त्याच्या हाताखालच्या पोराने झोपायच्या खोलीपेक्षा खूपच कमी वेळात संपवलं. सांधे दोन्हीकडचे सारखेच घट्ट आहेत. कोणतं कोणी केलं हे पाहुण्याला ओळखता येत नाही. चौकटीच्या पायांशी वाकून पाहिलं तर मात्र ओळखू येतं. मिस्त्रीचा काप एकाच ओढीचा आहे.

पैशांचा हिशेब सगळेच विचारतात. खोली स्वतः केल्याने मजुरी वाचली, पण पातं, पाचरी, ठोकायचा ठोकळा, शेवटची रांग ओढायची लोखंडी पट्टी घ्यावी लागली आणि कापण्यात थोडा माल जास्त गेला. एका खोलीसाठी बचत फार मोठी नाही. ज्याला बचतीसाठीच हे करायचं असेल त्याने करू नये, असं त्या दोघांना वाटतं आणि ते योग्य आहे. मिळालं ते वेगळं: आपल्या जमिनीखाली काय आहे ते त्यांना इंचाइंचाने ठाऊक झालं.

ही गोष्ट चौथ्या मजल्यावरची आहे, हे विसरता कामा नये. वसईच्या वाड्यांमध्ये, निर्मळ-गिरीज-भुईगाव पट्ट्यात, बावखल नावाच्या तळ्यांनी आणि विहिरींनी जमिनीतलं पाणी आजही वर धरून ठेवलं आहे. ते या भागाचं भाग्य आहे. पण तिथल्या तळमजल्यावर ओल खालून येत राहते आणि तिच्याबरोबर वाळवी. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली जाऊन पश्चिम रेल्वे ठप्प झाली, तेव्हा सखल भागातल्या कितीतरी तळमजल्यांत पाणी शिरलं होतं. अशा घरात बांबू घालणारा हात घरचा असो की मिस्त्रीचा, जमीन टिकणार नाही. हॉल करणाऱ्या त्याच मिस्त्रीने अशी कामं सोडल्याचं सांगितलं. चांगल्या कारागिराची ओळख तो काय करतो यापेक्षा कशाला नाही म्हणतो यावरून पटकन होते.

कपाटामागची स्कर्टिंगची एक पट्टी नवऱ्याने मुद्दाम स्क्रूने लावली आहे, काढून बघता यावी म्हणून. बारा मिलिमीटरची फट पहिल्या ऑगस्टमध्ये आठ-नऊवर आली आणि हिवाळ्यात पुन्हा मोकळी झाली. त्याने ती मापं खोक्यावरच्या कागदाच्या मागे लिहून ठेवली. सगळ्यात अवघड गेलं ते पुसण्याचं शिकवणं. कामाला येणाऱ्या मावशींचा हात वर्षानुवर्षं बादलीभर पाण्याने फरशी पुसण्याचा. निथळतं फडकं बांबूला चालत नाही, घट्ट पिळलेलंच हवं. मावशींना आधी ही पुसणीच वाटेना. आता दारातल्या पायपुसण्यावर वाळू राहिली की त्याच ओरडतात, कारण अर्नाळ्याहून चपलेला लागून येणारी वाळू फळीच्या पॉलिशवर चरे पाडते हे त्यांनीच पहिल्यांदा पाहिलं.

स्वयंपाकघरात लादीच ठेवली आहे. तिने एकदा विचारून पाहिलं होतं. मिस्त्रीने सिंककडे, फिल्टरच्या नळीकडे आणि पाणी येण्याच्या वेळेला भरून ठेवलेल्या पिंपांकडे बोट दाखवलं आणि भाव द्यायचं नाकारलं. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये त्याने पितळी पट्टी बसवून दिली आहे, आणि पिंपातून सांडलेलं पाणी बांबूकडे न येता मोरीकडे जावं म्हणून त्या बाजूचा ढाळही एकदा पाणी ओतून तपासून घेतला.